ऑनलाईन बाजारपेठेतील सेवा-नोंद : लेखन आणि मूल्यमापन (हेंद्रेपाडा, बदलापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

घरगुती व व्यावसायिक सेवांची खरेदी आता मोठ्या प्रमाणावर ऑनलाईन बाजारपेठेतून होते. वस्तू विकत घेण्यापूर्वी ती निदान छायाचित्रात तरी पाहता येते. सेवा मात्र खरेदीच्या क्षणी अस्तित्वातच नसते. त्यामुळे सेवेविषयी लिहिलेला मजकूर, म्हणजेच सेवा-नोंद, हाच ग्राहकाच्या हाती असलेला एकमेव आधार ठरतो. ही नोंद कशी लिहावी आणि तिची पारख कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. सेवा-नोंदीचे मूल्य तिच्यातील विशेषणांवर अवलंबून नसून त्यातील विधाने काम पूर्ण झाल्यावर पडताळून पाहता येतात की नाही, यावर अवलंबून असते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : सेवा-नोंद, ऑनलाईन बाजारपेठ, माहितीची विषमता, अभिप्राय, व्यावहारिक मराठी.

१. प्रस्तावना

एखाद्या गावात नव्याने राहावयास आलेल्या कुटुंबास नळदुरुस्ती करणारा, गवंडी, सुतार वा शिकवणी घेणारे शिक्षक हवे असल्यास पूर्वी शेजारी, वाणी किंवा सोसायटीचा रखवालदार यांच्याकडे विचारणा करावी लागे. या पद्धतीत निवड मर्यादित होती. परंतु शिफारस करणाऱ्याची स्वतःची पत त्या शिफारशीत गुंतलेली असे. काम बिघडल्यास दुसऱ्या दिवशी त्यालाच जाब विचारता येई. वृत्तपत्रांतील छोट्या जाहिरातींनी हे क्षेत्र विस्तारले. तथापि त्या जाहिरातींचा दर शब्दांवर वा ओळींवर ठरत असल्याने ‘त्वरित सेवा, माफक दर’ अशी आखूड व साचेबंद भाषा रूढ झाली. ऑनलाईन बाजारपेठेत जागेची ती टंचाई राहिलेली नाही. असे असूनही जुन्या जाहिरातीची भाषा मात्र जशीच्या तशी पुढे चालू आहे. प्रस्तुत विषयाचे मूळ या विसंगतीत आहे.

बदलापूर परिसर या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावरील कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या क्षेत्राची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेनुसार सुमारे ९८ हजार होती; २०११ मध्ये ती सुमारे १ लाख ७४ हजार झाली. दहा वर्षांत झालेली ही वाढ प्रामुख्याने बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांमुळे झालेली आहे. अशा वस्तीत पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख नसते आणि घरातील कमावती माणसे दिवसाचा मोठा भाग लोकलच्या प्रवासात व मुंबई-ठाण्यातील नोकरीत घालवितात. साहजिकच तोंडी शिफारशीची जागा भ्रमणध्वनीवरील शोधाने घेतली आहे. त्यातही बदलापूर पश्चिमेकडील हेंद्रेपाड्यासारख्या, उल्हास नदीच्या पुराची झळ पोहोचणाऱ्या वस्तीत सेवेची गरज अनेकदा तातडीची असते. अशा वेळी नोंदीतील एका अस्पष्ट शब्दाची किंमत पैशात व आरोग्यातही मोजावी लागते.

२. सैद्धांतिक पार्श्वभूमी

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन माहितीच्या विषमतेचा सिद्धांत मांडला. विक्रेत्यास मालाचा दर्जा ठाऊक असतो, ग्राहकास तो ठाऊक नसतो. म्हणून ग्राहक सरासरी दर्जाचीच किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या मालाच्या विक्रेत्यास परवडत नाही व तो बाजारातून बाहेर पडतो. परिणामी बाजारात निकृष्ट मालाचे प्रमाण वाढत जाते. या विषयावरील कार्यासाठी अ‍ॅकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत २००१ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार विभागून देण्यात आला.

याच काळात फिलिप नेल्सन यांनी (१९७०) खरेदीपूर्वी पारखता येणारा माल आणि वापरल्यावरच दर्जा कळणारा माल असा भेद केला. डार्बी व कार्नी यांनी १९७३ मध्ये त्यात तिसऱ्या प्रकाराची भर घातली : वापरल्यानंतरही ज्याचा दर्जा सामान्य ग्राहकास निश्चित करता येत नाही असा प्रकार. केशकर्तन दुसऱ्या प्रकारात मोडते. काम होताच ते कसे झाले हे आरशात दिसते. वातानुकूलन यंत्रातील वायू खरोखरच कमी झाला होता काय, मोटारीचा सुटा भाग बदलणे आवश्यक होते काय, पाण्याची टाकी निर्जंतुक झाली काय, हे प्रश्न तिसऱ्या प्रकारातील होत. घरगुती सेवांपैकी बऱ्याच सेवा या तिसऱ्या प्रकारात येतात. येथे ग्राहकाने दिलेले पाच तारेदेखील पुष्कळदा कारागिराच्या सौजन्याविषयी सांगतात, कामाच्या गुणवत्तेविषयी नव्हे.

स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेली संकेताची कल्पनाही येथे उपयुक्त ठरते. जो संकेत देणे चांगल्या विक्रेत्यास सोपे व वाईट विक्रेत्यास महाग पडते, तोच विश्वासार्ह होय. ‘उत्कृष्ट सेवा’ हे शब्द दोघांनाही सारखेच फुकट पडतात. ‘सात दिवसांत गळती पुन्हा झाल्यास मोफत दुरुस्ती’ हे विधान मात्र निष्काळजी कारागिरास महाग पडते, कारण त्याला पुनःपुन्हा जावे लागते.

३. नोंद कोण लिहितो?

सेवा-नोंदीची पारख करताना तिचा लेखक कोण हा पहिला प्रश्न विचारावा लागतो. आपल्याकडील प्रचलित बाजारपेठांचे या दृष्टीने तीन प्रकार पडतात.

(अ) निर्देशिका-स्वरूपाची बाजारपेठ : १९९६ मध्ये मुंबईत दूरध्वनीवरील माहितीसेवा म्हणून सुरू झालेली जस्टडायल हे याचे ठळक उदाहरण होय. येथे सेवादाता स्वतःची माहिती पुरवितो आणि मंच ती प्रसिद्ध करतो. मजकुराच्या खरेपणाची नैतिक जबाबदारी मुख्यतः सेवादात्याकडे राहते. सशुल्क नोंदीस यादीत अधिक ठळक स्थान मिळू शकते. म्हणून यादीतील क्रम हा गुणवत्तेचा क्रम आहे असे समजू नये.

(आ) नियंत्रित बाजारपेठ : २०१४ मध्ये अर्बनक्लॅप या नावाने सुरू झालेली व २०२० मध्ये अर्बन कंपनी असे नामांतर झालेली संस्था या प्रकारात येते. येथे सेवेचे वर्णन, दर व कालावधी मंचच ठरवितो. प्रत्यक्ष काम करणारा कारागीर त्यातील एक शब्दही लिहीत नाही. नोंदीत प्रमाणबद्धता येते हा लाभ. परंतु वचन एकाचे व ते पाळण्याचे ओझे दुसऱ्यावर, ही स्थितीही निर्माण होते.

(इ) शासकीय बाजारपेठ : ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, म्हणजेच ‘जेम’ या मंचावर शासकीय कार्यालये व संस्था वस्तूंबरोबर सेवाही खरेदी करतात. येथे सफाई वा सुरक्षा सेवेची व्याप्ती, मनुष्यबळ व कामाचे तास खरेदीदारास नमूद करावे लागतात आणि सेवेच्या पातळीविषयीचा करार व दंडाच्या अटी त्यास जोडलेल्या असतात. ही भाषा रूक्ष असली तरी तीत एक शिस्त आहे : वाद उद्‌भवल्यास कशाशी ताडून पाहावयाचे हे आधीच लिहिलेले असते.

खाजगी सेवादात्याने जेममधील ही शिस्त आणि निर्देशिकेतील सुलभता यांचा मेळ घालावा, असे सुचवावेसे वाटते.

४. सेवा-नोंदीचे लेखन : एक तुलना

उल्हास नदीला २६ जुलै २००५ रोजी आलेला पूर बदलापूरकरांच्या स्मरणात आहे. जुलै २०१९ मध्ये बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, तेव्हाही नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. पूर ओसरल्यावर सोसायट्यांची पहिली गरज असते ती पाण्याच्या भूमिगत टाकीच्या सफाईची. या सेवेच्या दोन काल्पनिक नोंदी पुढे दिल्या आहेत.

*नोंद पहिली :* “सर्व प्रकारची टाकी सफाई. उत्तम व खात्रीशीर सेवा. अनुभवी कामगार. वाजवी दर. संपूर्ण मुंबई व उपनगरे. एकदा सेवेची संधी अवश्य द्या.”

*नोंद दुसरी :* “गृहनिर्माण सोसायटीच्या भूमिगत व गच्चीवरील पिण्याच्या पाण्याच्या टाकीची सफाई. सेवाक्षेत्र : बदलापूर पूर्व व पश्चिम. समाविष्ट कामे : उरलेले पाणी पंपाने काढणे, गाळ काढून आवाराबाहेर नेणे, भिंती व तळ घासून धुणे, क्लोरीनच्या द्रावणाने निर्जंतुकीकरण, कामापूर्वीची व नंतरची छायाचित्रे. समाविष्ट नसलेली कामे : गळतीची दुरुस्ती, झाकण बदलणे, पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी. दर : १०,००० लिटरपर्यंत १,८०० रुपये, सर्व साहित्यासह. पुराचे पाणी शिरलेल्या टाकीचा दर पाहणीनंतर लेखी कळविला जाईल, पाहणी मोफत. कालावधी : ३ ते ४ तास, तेवढा वेळ पाणीपुरवठा बंद ठेवावा लागेल. टाकी हवेशीर केल्याशिवाय कामगार आत उतरणार नाहीत. काम अपुरे आढळल्यास ३ दिवसांत कळवावे, पुन्हा सफाई विनामूल्य.”

पहिल्या नोंदीतील एकही विधान खोटे ठरविता येत नाही, आणि म्हणूनच ती निरुपयोगी आहे. ‘उत्तम’ कशास म्हणावे, ‘वाजवी’ कोणाच्या दृष्टीने, हे ठरविण्याची कसोटी तीत नाही. ‘संपूर्ण मुंबई व उपनगरे’ हा शब्दप्रयोग तर बदलापूरच्या ग्राहकास विशेष फसवा ठरतो. मोठे मंच मुंबई महानगर हा एकच विभाग मानतात. प्रत्यक्षात ठाण्याचा वा मुलुंडचा कारागीर एवढ्या लांब येण्यास नाखूश असतो, अथवा प्रवासखर्च वेगळा मागतो. शिवाय रेल्वेमार्गाने पूर्व व पश्चिम असे विभागलेल्या या शहरात, आपण कोणत्या बाजूस सेवा देतो हे स्पष्ट लिहिणे सेवादात्याच्याही सोयीचे आहे.

दुसऱ्या नोंदीची खरी ताकद तिच्यातील नकारात आहे. समाविष्ट नसलेली कामे सांगितल्याने ग्राहक दुरावेल अशी भीती अनेक सेवादात्यांना वाटते. वस्तुतः वादाचा उगम बहुधा न सांगितलेल्या मर्यादेतूनच होतो. टाकीत उतरण्याविषयीचे वाक्यही केवळ औपचारिक नाही. बंदिस्त टाकीत प्राणवायूच्या अभावी कामगाराचा जीव जाऊ शकतो. मैलाटाकी व गटारे यांच्या बाबतीत तर २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवून धोकादायक सफाई करून घेण्यास प्रतिबंध केलेला आहे. ‘सर्व प्रकारची टाकी सफाई’ हे शब्द पिण्याच्या पाण्याची टाकी व मैलाटाकी यांतील हा महत्त्वाचा भेद पुसून टाकतात.

५. मूल्यमापनाची कसोटी

वर्गात अथवा प्रकल्पकार्यात सेवा-नोंदींचे मूल्यमापन करता यावे म्हणून २० गुणांची पुढील कसोटी सुचविण्यात येत आहे : कामाची व्याप्ती (५), समाविष्ट नसलेली कामे (३), दर व त्यातील घटक (४), सेवाक्षेत्र व कालावधी (३), सेवादात्याची ओळख व पात्रता (३), तक्रार निवारणाची तरतूद (२). प्रत्येक घटकास गुण देताना एकच प्रश्न विचारावा : काम झाल्यावर हे विधान पाळले गेले की नाही, हे तिऱ्हाईत माणसास सांगता येईल काय? उत्तर नकारार्थी असल्यास त्या घटकास गुण देऊ नयेत.

या कसोटीनुसार पहिल्या नोंदीस कामाच्या नावापुरता एखादा गुण मिळेल. दुसरीस १७ गुण देता येतील. ओळख व पात्रतेचे ३ गुण तिला मिळणार नाहीत, कारण व्यवसायाचे नाव, पत्ता अथवा अनुभवाचा पुरावा तीत नाही. चांगल्या भासणाऱ्या नोंदीतही अशी उणीव राहू शकते, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून देणे आवश्यक आहे. त्याचबरोबर, उत्तम लिहिणारा उत्तम काम करीलच असे नाही, हेही सांगावयास हवे. ही कसोटी कामाची हमी देत नाही. काम बिघडल्यास ते बिघडले हे सिद्ध करण्याची सोय मात्र ती करून देते.

६. तारे आणि अभिप्राय यांचे वाचन

केवळ सरासरी रेटिंग पाहून निवड करणे धोक्याचे आहे. समजा, ‘अ’ या सेवादात्यास ३ ग्राहकांनी प्रत्येकी ५ तारे दिले. त्याची सरासरी ५.० होते. ‘ब’ यास २०० ग्राहकांनी मिळून ४.६ सरासरी दिली. यादीत ‘अ’ वर दिसेल. आता दोघांनाही एका नाराज ग्राहकाने १ तारा दिला, तर ‘अ’ ची सरासरी एकदम ४.० वर येते, तर ‘ब’ ची ४.५८ एवढीच होते. याचा अर्थ ‘अ’ च्या पाच ताऱ्यांत माहिती फारच थोडी होती.

यावर एक सोपा उपाय संख्याशास्त्रात आहे. प्रत्येक सेवादात्यास आधीच ४ ताऱ्यांचे १० अभिप्राय मिळाले आहेत असे गृहीत धरावे व मग सरासरी काढावी. मूळ आकड्यांवरून ‘अ’ ची समायोजित सरासरी ४.२३ व ‘ब’ ची ४.५७ येते. ४ आणि १० हे आकडे सोयीसाठी घेतले आहेत. परंतु थोड्या अभिप्रायांवर थोडाच विश्वास ठेवावा हे तत्त्व त्यातून स्पष्ट होते.

अभिप्रायाचा मजकूर वाचताना तो नोंदीशी ताडून पाहावा. ‘फार छान, धन्यवाद’ यापेक्षा ‘चार तास सांगितले होते, सहा लागले, परंतु गाळ स्वतः नेला’ हा अभिप्राय चार तारे देऊनही अधिक मोलाचा होय, कारण तो नोंदीतील दोन विधानांची साक्ष देतो. एकाच दिवशी, एकाच धाटणीच्या भाषेत आलेले अनेक स्तुतिपर अभिप्राय संशयास्पद मानावेत. तक्रारीस सेवादात्याने दिलेले उत्तरही अवश्य वाचावे.

या प्रश्नाची दुसरी बाजू ग्राहकाने विसरू नये. नियंत्रित बाजारपेठेत रेटिंग घसरल्यास कारागिराचे काम थांबू शकते. ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्बन कंपनीशी संलग्न महिला सेवादात्यांनी गुरुग्राम येथे कमिशन व कामाच्या अटींविरुद्ध निदर्शने केली होती. २०२३ मध्ये खाती बंद करण्याच्या पद्धतीविरुद्धही असंतोष व्यक्त झाला. मंचाने लिहिलेल्या अपुऱ्या वर्णनाचा राग कारागिराच्या ताऱ्यांवर काढणे अन्यायाचे आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या कायद्याने मंचावरून काम करणाऱ्या श्रमिकांची व्याख्या केली असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तथापि न्याय्य अभिप्रायाचे दायित्व कोणताही कायदा ग्राहकाच्या वतीने पार पाडू शकत नाही.

७. कायदेशीर चौकट

सेवा-नोंद हा केवळ जाहिरातीचा मजकूर राहिलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या आधारे २३ जुलै २०२० रोजी ई-कॉमर्सविषयक नियम अधिसूचित करण्यात आले. त्यांतील प्रस्तुत विषयाशी निगडित तरतुदी अशा : मंचाने विक्रेत्याचे व्यवसायनाम, पत्ता व उपलब्ध रेटिंग ग्राहकास दाखवावे, यादीतील क्रम ठरविणारे प्रमुख निकष सोप्या भाषेत सांगावेत, तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी व एका महिन्यात तिचे निवारण करावे. विक्रेत्याने वा सेवादात्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःविषयी अभिप्राय लिहू नये, तसेच जाहिरातीतील वर्णन प्रत्यक्ष सेवेशी सुसंगत असावे. एकूण किंमत सर्व आकारांसह एका आकड्यात दर्शविणेही आवश्यक आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाईन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००:२०२२’ हे ऐच्छिक मानक जाहीर केले. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दिशाभूल करणाऱ्या १३ मांडणी-युक्त्या निषिद्ध ठरविल्या. खोटी घाई निर्माण करणे आणि किमतीतील आकार टप्प्याटप्प्याने उघड करणे या त्यांपैकी दोन होत. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता क्रमांक उपलब्ध आहे.

मात्र या सर्व तरतुदींचा लाभ घेण्यास नोंदीत पडताळण्याजोगे विधान असावे लागते. ‘उत्तम सेवा’ मिळाली नाही, ही तक्रार सिद्ध करणे कठीण; ‘निर्जंतुकीकरण समाविष्ट’ असे लिहूनही ते केले नाही, ही तक्रार सुस्पष्ट आहे. म्हणून काम ठरविण्यापूर्वी नोंदीचे छायाचित्र भ्रमणध्वनीत जतन करून ठेवणे हिताचे ठरते, कारण ऑनलाईन मजकूर कोणत्याही क्षणी बदलता येतो.

८. मराठी भाषा आणि महाविद्यालयांची भूमिका

परिसरातील अनेक कारागीर, पोळी-भाजी केंद्र चालविणाऱ्या महिला, शिवणकाम करणाऱ्या गृहिणी यांच्याकडे कौशल्य आहे. परंतु ते शब्दांत मांडण्याचा सराव नाही. इंग्रजी साच्यात बसविलेली नोंद त्यांना स्वतःलाच परकी वाटते. अ‍ॅकरलॉफ यांच्या सिद्धांताच्या भाषेत सांगावयाचे तर चांगला कारागीर बाजारातून बाहेर पडण्याचे एक कारण भाषाही असू शकते. ज्या ग्राहकास ‘सिलिंग’पेक्षा ‘छत गळते’ हे शब्द सहज सुचतात, तो त्याच शब्दांत शोधही घेतो. म्हणून नोंदीत प्लंबर, वायरिंग, सर्व्हिसिंग यांसारखे रुळलेले शब्द आणि गळती, गाळ, पोपडे यांसारखे घरगुती शब्द एकत्र नांदावेत.

व्यावहारिक मराठीच्या अध्यापनात अर्जलेखन व जाहिरातलेखनाबरोबर सेवा-नोंदीच्या लेखनाचा समावेश करणे शक्य आहे. वाणिज्य शाखेने कसोटी व कायदा, संख्याशास्त्र विभागाने रेटिंगचे विश्लेषण आणि मराठी विभागाने लेखन, अशी विभागणी करून एका सत्राचा आंतरविद्याशाखीय प्रकल्प आखता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील एका कारागिराशी बोलून, त्याच्या संमतीने, त्याची नोंद मराठीत लिहून द्यावी. कारागीर जे काम करीत नाही ते विद्यार्थ्याने विचारून घ्यावे. नोंदीचा तो भाग प्रथम लिहावा.

९. निष्कर्ष

(१) सेवा खरेदीपूर्वी पाहता येत नसल्याने सेवा-नोंद ही जाहिरात नसून आगाऊ दिलेले लेखी वचन होय.

(२) नोंदीचा लेखक कोण, यानुसार तिच्या पारखण्याची रीत बदलते.

(३) व्याप्ती, मर्यादा, दर, सेवाक्षेत्र, ओळख व तक्रारीची सोय हे घटक पडताळण्याजोग्या शब्दांत असावेत.

(४) सरासरी रेटिंगपेक्षा अभिप्रायांची संख्या व नोंदीशी असलेला त्यांचा संबंध अधिक महत्त्वाचा आहे.

(५) न्याय्य अभिप्राय हे ग्राहकाचे कर्तव्य असून त्यावर एखाद्या श्रमिकाची उपजीविका अवलंबून असू शकते.

हेंद्रेपाड्यासारख्या वस्तीत पावसाळ्यापूर्वीच टाकी-सफाई, पंप व विद्युत दुरुस्ती या तीन सेवांच्या नोंदी वरील कसोटीवर तपासून सोसायटीच्या सूचनाफलकावर लावल्यास, पूर ओसरल्यावर घाईगर्दीत निवड करण्याची वेळ येणार नाही. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना विभागांना हे काम दरवर्षी मे महिन्यात हाती घेता येण्याजोगे आहे.